बोट आपले, आज्ञावली कोणाची?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्याकडून इतिहासाच्या एखाद्या पानाचीच अपेक्षा होती हे उघड आहे. सत्तावीस वर्षे मी त्याच विषयाचे अध्यापन करीत आलो आहे. परंतु विद्यालयाच्या वाटचालीचा आढावा इतर मान्यवरांनी या अंकात घेतलेला आहे. तोच पुन्हा घेण्यात हशील नाही. मी येथे एका बोटाविषयी लिहिणार आहे. ते बोट आपल्या वसतिगृहातील एका मुलीचे आहे. त्या बोटाची काही चूक नसताना मी तिला चारचौघांत दोष दिला, त्याची कबुलीही या निमित्ताने द्यावी असे मनात आहे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलच्या अ‍ॅपवरून भरावयाचा होता. अ‍ॅप कोणाचे होते हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तशी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. मुलगी नववीतली. तिचे खरे नाव देत नाही, प्रज्ञा म्हणू. हेच नाव का घेतले ते पुढे ध्यानात येईल. तिची आई भायखळ्याच्या मंडईत भाजी विकते. रविवारी भेटीला आलेल्या आईने आपला फोन मुलीच्या हाती दिला आणि माझ्यासमोरच अभ्यासिकेत बसून ती अर्ज भरू लागली. नावाच्या चौकटीत तिने ‘प्रज्ञा’ असे लिहिले. चौकटीत उमटले ‘परजञ’. तिने ते खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा ‘परजञ’. मी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणालो, “नववीत येऊनही स्वतःचे नाव धड लिहिता येत नाही?” ती काही बोलली नाही. आईची निघायची वेळ झाली होती. चार वेळा खोडल्यावर पाचव्यांदा तिने तेच नाव राहू दिले आणि ‘सादर करा’ हे बटण दाबले. पडद्यावर काहीच हालले नाही. तिने पुन्हा दाबले, आणखी एकदा दाबले. महिन्याभराने उत्तर आले : एकाच विद्यार्थिनीचे तीन अर्ज, शिवाय नावात तफावत, सबब अर्ज प्रलंबित.

त्या दिवशी मी तिला वर्गात उभे करून ‘इतकी घाई कशाला?’ असे विचारले. ती एवढेच म्हणाली, “सर, पहिल्यांदा दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. मला वाटलं, माझं बोट नीट लागलं नाही.”

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. काम बिघडले की प्रथम आपल्याच बोटावर संशय घ्यायचा, ही सवय आपल्या माणसांच्या अंगी फार जुन्या काळापासून मुरलेली आहे. माझे आजोबा भायखळ्याच्या एका गिरणीत बदली कामगार होते. त्यांना लिहिता येत नसे. सावकाराच्या कागदावर ते अंगठा उठवीत. अंगठा त्यांचा, पण अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या हाती. पुढे व्याजाचा आकडा फुगला की तेही म्हणत, ‘माझंच चुकलं, मला वाचता येत नाही.’ वाचता येत नव्हते हे खरे. पण कागद त्यांनी लिहिलेला नव्हता, हेही तितकेच खरे होते.

त्यानंतरच्या एका रविवारी आपला एक माजी विद्यार्थी भेटीला आला. तो आता ऐरोलीतील एका कंपनीत मोबाईलची अ‍ॅप्स लिहिण्याचे काम करतो. त्याला मी हा सारा प्रकार सहज बोलता बोलता सांगितला. त्याने मुलीला बोलावून पुन्हा एकदा तेच करून दाखवायला सांगितले, पाहिले, आणि म्हणाला, “सर, चूक हिची नाही. ज्यानं हे लिहिलं, त्यानं हिचं बोट ऐकलंच नाही.” पुढचे दोन तास तो मला शिकवीत होता. इतिहासाच्या शिक्षकाला जेवढे उमगले तेवढे येथे मांडतो.

आपल्या भाषेत ‘घटना’ या शब्दाला मोठा मान आहे. इतिहासात घटना म्हणजे घडून गेलेली गोष्ट. कायद्यात घटना म्हणजे राज्यघटना. अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या बोलीत ज्याला ‘इव्हेंट’ म्हणतात, तीही घटनाच. काचेवर बोट टेकले, ही एक घटना. टेकलेले बोट सरकले, ही दुसरी. बोट उचलले, ही तिसरी. काचेखाली अतिशय सूक्ष्म विद्युतभार असतो. बोट जवळ येताच त्यात फरक पडतो आणि तो कोणत्या बिंदूवर पडला हे यंत्राला कळते. पण एवढ्याने काही घडत नाही. त्या बिंदूवर कोणते बटण किंवा कोणती चौकट आहे हे फोनची मूळ प्रणाली शोधते आणि बातमी तिच्यापर्यंत पोचविते. बातमी जाताना बाहेरच्या मोठ्या चौकटीकडून आतल्या लहान चौकटीकडे जाते. वाटेत बाहेरची चौकट ती अडवू शकते. आतली चौकट ‘होय, हे माझे काम’ असे सांगू शकते किंवा ‘माझे नाही’ म्हणून झटकू शकते. बोट टेकल्याची पहिली बातमी तिने झटकली, की त्या बोटाच्या पुढील हालचाली तिला कळविल्याच जात नाहीत. बातमी आल्यावर काय करायचे, हे सांगणारा जो मजकूर असतो त्याला ते लोक ‘लिसनर’ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. हा ऐकणारा यंत्राबरोबर जन्माला येत नाही. तो कोणीतरी माणूस लिहून ठेवतो. लिहिला नसेल तर बोट कितीही वेळा लागो, उत्तर नाही.

ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले गेले आणि २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्या वंशजांना स्पर्शाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. फोनच्या काचेला जात कळत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणूनच आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की, यंत्राने समता आणली. आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे, आणखी काय हवे? मला हे अर्धसत्य वाटते. काच भेद करीत नाही. पण काचेमागे लिहिलेला नियम भेद करू शकतो, आणि तो लिहिणाऱ्याच्या मनात वैर असावेच लागते असेही नाही. त्याच्या डोळ्यांसमोर कोणाचे बोट होते, एवढ्यावरही ते ठरते.

प्रज्ञाच्या नावाचे काय झाले ते पाहा. संगणकात ‘प्रज्ञा’ हा शब्द दोन अक्षरांचा नसतो. प, हलन्त, र, ज, हलन्त, ञ आणि काना अशी ती सात चिन्हे असतात. जगातील लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तेथे ‘प’ वा ‘ज’ यांची गणना ‘अक्षर’ या वर्गात होते, तर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची गणना ‘अक्षराला जोडावयाचे चिन्ह’ या वेगळ्या वर्गात होते. वर्गीकरण म्हणून यात चूक नाही. चूक झाली ती पुढे. नावात कोणी आकडे वा भलतीच चिन्हे घालू नयेत, म्हणून अ‍ॅप लिहिणाऱ्याने प्रत्येक नव्या चिन्हासाठी एक प्रश्न लिहून ठेवला : ‘हे अक्षर आहे काय? नसेल तर टाकून द्या.’ इंग्रजी नावाला हा प्रश्न कधीच टोचत नाही. मराठी नावातले मात्र काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे एका फटक्यात गळून पडतात. सातांपैकी तीन चिन्हे टाकून दिली, की ‘प्रज्ञा’चे ‘परजञ’ होते. मुलीला शुद्धलेखन येत होते. अ‍ॅपला बाराखडी येत नव्हती.

दुसरा दोष बटणाचा. पहिल्या स्पर्शाची बातमी अ‍ॅपला पोचली होती आणि अर्ज सरकारी भाषेत ‘सादर’ही झाला होता. पण नेटवर्क मंद होते आणि ‘आपला अर्ज जात आहे, थांबा’ असे सांगणारी ओळ लिहिणाऱ्याने लिहिलीच नव्हती. पहिल्या स्पर्शानंतर बटण निष्क्रिय करावयाचे असते, तेही केले नव्हते. म्हणून दुसरा स्पर्श म्हणजे दुसरा अर्ज, तिसरा स्पर्श म्हणजे तिसरा. माझा विद्यार्थी म्हणाला की, हा त्यांच्या धंद्यातला अगदी पहिल्या इयत्तेचा धडा आहे : प्रत्येक अर्जाला फोनमध्येच एक क्रमांक द्यावा, म्हणजे तोच अर्ज तीनदा आला तरी पलीकडे तो एकच मोजला जातो. अँड्रॉइडमध्ये तर याविषयी मूळ प्रणालीचाच एक दंडक आहे. बोटाच्या घटनेला अ‍ॅपने पाच सेकंदांत दाद दिली नाही, तर प्रणाली स्वतः मध्ये पडून ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ असे वापरणाऱ्याला सांगते. पण हा दंडक अ‍ॅप गोठून पडले असेल तरच लागू पडतो. अ‍ॅप जागे असून गप्प राहिले, तर त्याला कोणी विचारीत नाही. कार्यालयाच्या खिडकीत बाबू हजर असतो, अर्ज आत घेतो, पण पोच देत नाही. तशातला हा प्रकार.

हे दोन दोष एका मुलीच्या वाट्याला आले म्हणून मला कळले. नंतर मी ऐकून घेत गेलो, तेव्हा अशा गोष्टींची रांगच लागली. प्रज्ञाची आई मंडईत दिवसभर पाणी मारलेल्या भाजीत हात घालते. ओल्या बोटाने काचेवर भलतीकडेच स्पर्श नोंदला जातो, हे तिने मला सांगितले. मला ठाऊक नव्हते. ज्यांची बोटे कष्टाने जाड आणि कोरडी झाली आहेत, त्यांचा स्पर्श काचेला कधी कधी क्षीण जाणवतो. बटण निदान नऊ मिलिमीटर रुंद-उंच असावे, अशी शिफारस अँड्रॉइडच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण एकाच पडद्यावर पुष्कळ काही कोंबण्याच्या हव्यासात ‘होय’ आणि ‘रद्द करा’ ही दोन बटणे तांदळाच्या दाण्यांसारखी शेजारी शेजारी बसविली जातात. अंध व्यक्ती पडदा वाचून दाखविणाऱ्या सोयीच्या मदतीने फोन वापरते. ती बटणावर येते, त्याचे नाव ऐकते आणि दोनदा टिचकी मारून ते उघडते. लिहिणाऱ्याने फक्त बोटाच्या कच्च्या हालचालीच ऐकण्याची व्यवस्था केली असेल आणि ‘बटण दाबले गेले’ ही घटना स्वतंत्रपणे मांडली नसेल, तर त्या व्यक्तीसाठी बटण मुकेच राहते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली आला. त्यात माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असावे, अशी तरतूद आहे. कायदा आहे, बटण मात्र मुके आहे.

येथे कोणी म्हणेल, मराठीच लिपी अवघड, त्याला यंत्र तरी काय करणार? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि त्यातले एक पान आमच्या भायखळ्याचे आहे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक ग्रंथांच्या आणि सरकारी प्रकाशनांच्या शीर्षकपृष्ठावर ‘एज्युकेशन सोसायटीज प्रेस, भायखळा’ असे छापलेले आढळते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती याच सोसायटीच्या छापखान्यातून निघाली. त्या काळी शिशाचा एकेक खिळा हाताने जुळवावा लागे. इंग्रजीचे काम थोड्या खिळ्यांत भागे. देवनागरीला मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे ओतावे लागत आणि जुळाऱ्याला ते सारे खण तोंडपाठ ठेवावे लागत. हा खर्च होता, कष्ट होते. तरी ‘प्रज्ञा’ छापायची तर ‘प्रज्ञा’च छापावी लागेल, हे छापखान्याने मान्य केले होते. पुढे टंकलेखन यंत्र आले. त्याच्या कळा मोजक्या. तेव्हा यंत्राने भाषेला वाकविण्यास आरंभ केला. ‘इ’च्या जागी ‘अि’ आणि ‘उ’च्या जागी ‘अु’ लिहावे, असे प्रयोग मराठीत झाले, आणि यंत्राची सोय हे त्यामागील एक कारण होते. ते प्रयोग टिकले नाहीत, कारण लोकांनी ते आपले मानले नाहीत. आज फोनमध्ये कळांची टंचाई नाही, शिशाचा खर्च नाही. जी अडचण छापखान्याने सोसली आणि टंकयंत्राने टाळली, ती आता उरलेलीच नाही. उरली आहे ती केवळ अनास्था.

अनास्था नसेल तर काय होते याचेही उदाहरण मुंबईतच आहे. पवईच्या आयआयटीमधील अभिकल्प विभागात, म्हणजे आयडीसीत, प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक तयार केला. २०१३च्या सुमारास तो अँड्रॉइड फोनवर विनामूल्य मिळू लागला. त्याची रचना ज्याने पाटीवर बाराखडी गिरवली आहे त्याला लगेच समजते. कळफलकावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. ‘क’वर बोट टेकविले की बोटाभोवती एक चक्र उघडते आणि त्यात का, कि, की, कु असे पर्याय दिसतात. बोट न उचलता हव्या त्या दिशेने सरकवावे आणि उचलावे. ते अक्षर उमटते. म्हणजे बोट टेकणे हे व्यंजन, सरकणे हा स्वर आणि उचलणे ही पूर्तता. वर ज्या तीन घटना सांगितल्या, त्याच या. पण येथे त्या बाराखडीच्या स्वभावाला धरून ऐकल्या आहेत. हलन्त निवडला की पुढे कोणते जोडाक्षर होईल तेही आधीच दिसते. मी स्वतः तो वापरून पाहिला. पन्नाशी उलटलेल्या माझ्या बोटाला पहिल्याच दिवशी ‘प्रज्ञा’ लिहिता आले. यंत्र तेच आहे, काच तीच आहे. फरक आहे तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होते याचा.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा की, मुलांनी सरळ इंग्रजीत नाव लिहावे, म्हणजे भानगडच नको. इंग्रजी शिकलेच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाचे ते असूही शकत नाही. पण नावाची भानगड इंग्रजीने मिटत नाही. आपल्याकडे ‘प्रज्ञा’चे स्पेलिंग डी-एन-वाय घालून करतात, हिंदी भाषक तेच नाव जी-वाय घालून लिहितात, संस्कृतच्या वळणाने जे-एन घालणारेही आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे, अशी तीन-तीन रूपे घेऊन आपली मुले खिडक्यांसमोर उभी असतात. ज्या लिपीत त्या नावाचे एकच रूप आहे, त्या लिपीलाच चौकटीत जागा नाही, हा न्याय कोणता? महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, ते मीही खाल्ले. पण अभिजात भाषेतील जोडाक्षर एका नावाच्या चौकटीत टिकत नसेल, तर त्या दर्जाचा प्रज्ञाला काय उपयोग?

दुसरा आक्षेप पालकांचा आणि आपल्यातील काही शिक्षकांचाही आहे : फोनने मुले बिघडतात, म्हणून वसतिगृहात हा विषयच नको. त्यांची चिंता खोटी नाही. रात्री बारापर्यंत अंगठ्याने पडदा वर सरकवीत बसलेली मुले मीही पाहिली आहेत. पण ते सरकणे का संपत नाही, हे कधी आपण त्यांना सांगितले आहे काय? तेही घटना हाताळण्याचेच काम आहे. बोट सरकत सरकत यादीच्या शेवटाजवळ आले, ही घटना अ‍ॅप ऐकते आणि शेवट येण्याआधीच खाली नवा मजकूर जोडते. पान संपूच नये, असे कोणीतरी बसून लिहिले आहे. प्रतीत्यसमुत्पादाचा क्रम आपल्या मुलांना पाठ आहे : स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा. ही साखळी कोठे जोडली जाते ते ज्याने पाहिले, तोच ती तोडू शकतो. फोन हातातून काढून घेतल्याने मूल दोन दिवस शांत राहील. पानाचा शेवट लपविणारी ओळ त्याने एकदा स्वतः लिहून पाहिली, तर त्याला जे समजेल ते आयुष्यभर पुरेल.

म्हणून माझी विद्यालयाच्या व्यवस्थापनाला आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. संगणकाच्या तासाला आज आपण मुलांना पत्र टंकलिखित करणे, तक्ते करणे, चित्र रंगविणे शिकवितो. हे सारे दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीवर बोट ठेवण्याचे शिक्षण आहे. आठवीपासून आठवड्यातला एक तास त्या बोटाला उत्तर देणारी आज्ञावली लिहिण्यासाठी ठेवावा. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ नावाचे विनामूल्य साधन आहे. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून अ‍ॅप तयार करतात. त्यातला अगदी पहिला ठोकळाच असा असतो : ‘जेव्हा हे बटण दाबले जाईल, तेव्हा...’ आणि पुढची जागा रिकामी. ती रिकामी जागा आपल्या मुलामुलींनी भरावी. माझ्या मते समाजशास्त्राच्या दहा धड्यांइतका अर्थ त्या रिकाम्या जागेत आहे.

आणि परीक्षा कशी घ्यावी, तेही सुचवितो. मुलाने लिहिलेले अ‍ॅप शिक्षकाने तपासू नये. ते प्रथम आपल्या स्वयंपाकघरातील मावशींच्या ओल्या हाती द्यावे. मग पहारेकऱ्याच्या जाड अंगठ्याखाली द्यावे. मग चष्मा घरी विसरलेल्या एखाद्या आजीला द्यावे. मग एकच बटण अधीरपणे दहा वेळा दाबणाऱ्या सहावीतल्या मुलाला द्यावे. शेवटी त्यात प्रज्ञा, कृष्णा, ज्योत्स्ना, सिद्धार्थ ही नावे लिहून पाहावीत, आणि तीही नेटवर्क मंद असताना. या साऱ्यांना अ‍ॅपने उत्तर दिले, तर मूल उत्तीर्ण. एखाद्याला उत्तर मिळाले नाही, तर चूक बोटाची नाही, लिहिणाऱ्याची आहे, हे त्या मुलाने सर्वांसमोर मान्य करावे. पुढे हीच मुले कंपन्यांत आणि सरकारी प्रकल्पांत जातील, तेव्हा ही सवय त्यांच्या सोबत जाईल.

आमच्या पिढीने शिक्षण घेऊन कागदावर सही करण्याचा हक्क मिळविला आणि अंगठ्याचा काळ संपला असे मानले. आता अंगठा परत आला आहे. पैसे देताना, रेशन घेताना, अर्ज भरताना तोच पुढे करावा लागतो. आजोबांच्या अंगठ्यावर काय लिहिले होते ते वाचायला आम्ही शिकलो. नातवंडांच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे ते वाचायला आणि लिहायला त्यांनी शिकले पाहिजे.

प्रज्ञाच्या अर्जाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याखेरीज लेख पुरा होणार नाही. मुख्याध्यापकांचे पत्र, जन्मदाखल्याची प्रत आणि आईचे तीन दिवसांचे बुडालेले काम एवढ्या खर्चानंतर दोन अर्ज रद्द झाले आणि एक ग्राह्य धरला गेला. रक्कम वार्षिक परीक्षेनंतर आली. वह्यापुस्तकांची गरज तोवर दुसऱ्याकडून उसने घेऊन भागली होती. मी ज्या वर्गात तिला उभे केले होते, त्याच वर्गात उभे राहून मी सांगितले की, चूक तिची नव्हती आणि माझी होती. मुले थोडी गोंधळली. शिक्षक असे म्हणत नाहीत.

आपल्या माजी विद्यार्थ्याने आता महिन्यातील एका रविवारी येऊन मुलांना शिकविण्याचे मान्य केले आहे. पहिल्या रविवारी प्रज्ञाने एक अ‍ॅप केले. त्यात एकच चौकट आहे आणि एकच बटण. चौकटीत नाव लिहायचे, बटण दाबायचे. बटण लगेच करडे होते आणि खाली अक्षरे उमटतात : ‘प्रज्ञा, तुमचा स्पर्श पोचला. पुन्हा दाबू नका.’